मीठ, बुरशी आणि खाजण

‘कुजका’ हा शब्द आपण सहसा रागावूनच वापरतो. पण शेतात काही कुजलंच नाही तर? पेंढा, मुळं, पानं तशीच पडून राहतील आणि त्यांच्यात अडकलेलं नत्र, स्फुरद पुढच्या पिकाला मिळणार नाही. कुजवण्याचं हे काम बऱ्याच अंशी बुरशी करते. झाडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडू शकणारे जीव थोडेच. त्यांत बुरशीचा मान पहिला.

बुरशीला तोंड नाही, पोटही नाही. तिचे तंतू बाहेर विकरं सोडतात, अन्न बाहेरच पचतं आणि पाण्यात विरघळून आत जातं. म्हणजे सगळा कारभार पाण्यावर. मीठ नेमकं तिथेच आड येतं. भोवतालचं पाणी खारट झालं की तंतूंतलं पाणी बाहेर ओढलं जातं. कैरीच्या लोणच्यात मीठ कमी पडलं की बुरशी धरते, भरपूर असलं की सहसा धरत नाही, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

काही बुरश्या पेशींत ग्लिसरॉल, मॅनिटॉल असे पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतात. पण ते बनवायला ऊर्जा खर्च होते. वाढीला आणि विकरांना तेवढी कमी उरते. शिवाय खाऱ्या जमिनीत पीक कमी, म्हणून पाचोळाही कमी. दोन्हीकडून उपासमार!

मग मीठ म्हणजे मरणच का? तसंही नाही. समुद्राच्या १ किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तरी खारफुटीची गळलेली पानं चिखलात कुजतातच. ‘होर्टिया वर्नेकी’ ही काळी बुरशी तर मिठागरातही जगते. पण मिठागरात टिकणारी बुरशी भातशेतीतलं काम तितक्याच वेगाने करेल, असं धरून चालता येत नाही.

गोव्यातली खाजणं भरतीच्या पातळीखाली आहेत. बांध आणि मानशीची दारं खारं पाणी अडवतात, पावसाळा मातीतलं मीठ धुऊन नेतो आणि मग कोरगुट भात पिकतो. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात अबीमलेख शखेम नगर पाडून त्यावर मीठ पेरतो. त्याचा अर्थ मी ‘इथे नवं उगवू नये’ एवढाच घेत होते. आता वाटतं, मीठ जुन्याचं मातीत मिसळणंही रोखतं. म्हणून बांध फुटला की फक्त बुडालेलं पीक मोजून भागत नाही. त्या मातीत कुजवणारे किती उरले, हेही विचारायला हवं.