मणक्यातले सिमेंट फुप्फुसात गेले. दाद कुठे मागावी?

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. हाडे ठिसूळ झाल्याने तिचा मणका दबला, म्हणून खासगी रुग्णालयात त्यात सिमेंट भरले. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत सिमेंट दिसले. असा धोका कोणी सांगितला नव्हता. संमतीपत्रावर घाईत माझी सही घेतली. याला १४ महिने झाले. रुग्णालय कागदपत्रे देत नाही. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी आईंची प्रकृती. फुप्फुसातल्या सिमेंटभोवती गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आता कायदा. पातळ सिमेंट मणक्याच्या शिरांतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात जाऊ शकते. पूर्ण काळजी घेऊनही हे घडते. त्यामुळे केवळ गळती म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. सिमेंट पुरेसे घट्ट झाल्यावर भरले का, भरताना सी-आर्म या एक्स-रे यंत्रावर लक्ष होते का, गळती दिसताच थांबले का आणि धाप लागल्यावर तपासणीस उशीर झाला का, हे सिद्ध करावे लागेल. त्यासाठी तज्ज्ञाचे लेखी मत घ्या.

संमतीचा मुद्दा स्वतंत्र आहे. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला समजावून त्याची संमती घ्यावी. अगदी दूरचे धोके सांगण्याचे बंधन नाही. पण सिमेंटची गळती हा या उपचाराचा सर्वज्ञात धोका आहे. शिवाय आई शुद्धीवर होत्या आणि निर्णय घेऊ शकत होत्या, तर संमती त्यांचीच हवी होती. तुमची सही पुरेशी नाही.

कागदपत्रांसाठी लेखी अर्ज करून पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागतात. शस्त्रक्रियेची नोंद, संमतीपत्र, सी-आर्मची चित्रे आणि सीटीची सीडी नावानिशी मागा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. उपचारासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. मुदत २ वर्षांची आहे. तुमच्या हाती जेमतेम १० महिने उरले आहेत, म्हणून कागदपत्रांचा अर्ज याच आठवड्यात द्या.