विजेची साठवण आणि विजेची काटकसर

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळ यास,


तुझे पत्र पोहोचले. टीव्हीला जोडून खेळावयाच्या कन्सोलमध्ये बॅटरी बसविली, तर ते यंत्र पर्यावरणास अधिक अनुकूल होईल काय, आणि हाच विषय महाविद्यालयातील प्रकल्पासाठी घ्यावा काय, असे तू विचारले आहेस. विषय अवश्य घे. मात्र उत्तर आधीच ठरवून कामास लागू नकोस, कारण विजेच्या जमाखर्चात सद्हेतू कोठेही जमेस धरला जात नाही, तेथे प्रत्येक युनिटची रुजुवात घालावी लागते.

बॅटरी वीज निर्माण करीत नाही. पेवात घातलेली ज्वारी बाहेर काढताना कधी वाढून येत नाही, उलट थोडी घटच सोसावी लागते, तशीच विजेच्या साठवणीची गत आहे. याचा मोठा दाखला आपल्या पैठणलाच आहे. जायकवाडी धरणावर १२ मेगावॉटचा जो संच आहे, त्याची रचना अशी की तो पाणी खाली सोडताना वीज देतो आणि उलट फिरविल्यास तेच पाणी पुन्हा वर चढवू शकतो. परंतु अशा उदंचन योजनांत चढविण्यास लागलेल्या विजेपैकी साधारणपणे तीन-चतुर्थांशच परत हाती येते. तरीही जगभर अशा योजना उभारल्या जातात, कारण मागणी कमी असतानाची वीज त्यायोगे मागणीच्या वेळी पुरविता येते. साठवणीचे मोल वेळ साधण्यात आहे, बचतीत नव्हे, एवढे सूत्र मनाशी पक्के धर.

आता तुझ्या यंत्राचा हिशेब मांडू. प्लेस्टेशन ५ सारखा कन्सोल जड खेळ चालू असता सुमारे २०० वॉट घेतो. रोज दोन तास खेळल्यास महिन्याकाठी १२ युनिटे होतात. हीच वीज बॅटरीत भरून वापरावयाची आणि त्यात शेकडा १५ घट धरावयाची, तर १४ युनिटे घ्यावी लागतील. ही दोन फाजील युनिटे क्षुल्लक वाटतील. पण आपल्याकडील वीज अद्याप मुख्यत्वे कोळशाची आहे, आणि परळीसारख्या औष्णिक केंद्रास कोळशाबरोबर पुष्कळ पाणीही लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे ते केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. मराठवाड्यातील मुलाने तरी विजेच्या उधळपट्टीकडे पाण्याची उधळपट्टी म्हणूनच पाहावे.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. दिवसा सौरऊर्जा मुबलक असते, आणि म्हणूनच आपल्या राज्यात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेवर सवलत मिळू लागली आहे. दुपारची वीज साठवून रात्री खेळल्यास कोळशाचा भार काहीसा हलका होईल, हे मान्य. परंतु अशी साठवण करावयाचीच, तर ती घराच्या वा उपकेंद्राच्या पातळीवर करणे श्रेयस्कर, कारण तेथे ती दिवे, पंखे, शेजारी अशा सर्वांच्या उपयोगी पडते. एका खेळण्याच्या पोटात कोंडलेली बॅटरी दिवसाचा बहुतेक वेळ निरुद्योगी राहील आणि खेळणे जुने झाले की त्याच्याबरोबर भंगारात जाईल. शिवाय तिच्यातील लिथियम, निकेल, कोबाल्ट यांकरिता दूरदेशी जमीन आणि माणसे या दोहोंनी आधीच किंमत मोजलेली असते.

हातात धरून खेळावयाचे कन्सोल अत्यल्प वीज घेतात, तेव्हा बॅटरी हितकारकच ठरते, असे तू लिहितोस. येथे कार्यकारणाची गल्लत झाली आहे. निन्टेन्डो स्विचची बॅटरी अवघी १६ वॉट-तासांची. तेवढ्यात काही तास खेळ चालविणे भाग असल्यामुळे रचनाकारांनी चिप, पडदा आणि प्रत्येक घटक काटकसरीने योजला, आणि म्हणून टीव्हीला जोडल्यावरही ते यंत्र मोठ्या कन्सोलच्या दशांशाच्या आसपासच वीज घेते. पुण्य बॅटरीचे नसून मर्यादेचे आहे. मोठ्या यंत्रास मोठी बॅटरी दिली, तर मर्यादा येत नाही, केवळ ओझे येते.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रकल्पात बॅटरी जोडण्याऐवजी मर्यादा जोडून पाहा. प्लगपाशी वीजमापक लावून खेळताना, विश्रांतीच्या अवस्थेत आणि पूर्ण बंद असता किती वीज जाते, याची नोंद ठेव. जुने एक्सबॉक्स ‘तत्काळ चालू’ अवस्थेत १० वॉटांहून अधिक घेत. रोज बावीस तासांचे हे २२० वॉट-तास म्हणजे दोन तासांच्या खेळाच्या निम्म्याहून अधिक खर्च, तोही कोणी खेळत नसताना! मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये हीच गळती थोपविण्यासाठी विजेची बचत करणारी बंद अवस्था अधिकाधिक यंत्रांवर लागू केली. कंट्रोलरमधील बॅटरी थकली, तर कंट्रोलर न टाकता बॅटरीच बदलता येते काय, हेही तपासून लिही; आणि निकामी झालेली बॅटरी कचराकुंडीत न टाकता अधिकृत संकलकाकडेच दे, कारण बॅटरी कचऱ्याविषयीच्या २०२२ च्या नियमांनी ती परत घेऊन तिच्यावर प्रक्रिया करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

नवी वस्तू जोडून दोष झाकण्याची तजवीज सोपी असते. असलेल्या वस्तूकडून कमी खर्चात तेच काम करून घेणे अवघड असते, आणि अभियंत्याची खरी विद्या या अवघड कामातच पणास लागते. तू ती विद्या शिकावीस, ही माझी मनापासून इच्छा आहे. पहिल्या महिन्याच्या नोंदी तयार होताच मजकडे पाठव. आपण दोघे मिळून त्यांचा ताळा घेऊ.

कळावे. हे आशीर्वाद.

तुझा मामा