डिझेलचा धूर : मुंबईचा आणि आपला

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज मुंबई-पुण्यात राहतात. म्हणून हा विषय. डिझेलच्या धुरातील काजळीचे सूक्ष्म कण थेट फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात. हा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र १९९९ पासूनच या प्रश्नी आदेश दिले होते. त्यामुळे मुंबईतील जुन्या डिझेल टॅक्सी सीएनजीवर गेल्या. तरीही जानेवारी २०२५ मध्ये डिझेल-पेट्रोलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासण्यास त्याच न्यायालयाने शासनास सांगितले. दरम्यान वाहने अफाट वाढली होती. शिवाय बांधकामाची धूळ आणि बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्यांचा धूर डिझेलबंदीने थांबत नाही.

आम्हांस चिंता आहे ती निराळीच. शहरातून बाद झालेला ट्रक भंगारात न जाता सोलापूर–धुळे महामार्गावर धावू लागला, तर त्याचा धूर तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्याच्या रहिवाशांच्या वाट्यास येईल. आणि कर्ज काढून टेम्पो घेतलेल्या चालकास जुन्या गाडीचा रास्त मोबदला मिळाल्यावाचून तो ती भंगारात कशी देईल?