चेन सॉ घेण्याआधी आतला सांगाडा पाहा

चेन सॉच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती सीसीची आहे? दुसरा असतो, बार किती इंची? बहुतेक सौदे या दोन उत्तरांवरच ठरतात, आणि याच दोन आकड्यांपायी बागाईतदारांचे आणि लाकूडतोडीचा ठेका घेणाऱ्यांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र दिवसभर राबायला बनवलंय की वर्षातून चार फांद्या छाटायला, हे सीसीवरून कळत नाही आणि बारवरून तर मुळीच नाही. विक्रेता छोट्या इंजिनालाही लांब बार लावून देऊ शकतो. मग लाकडात चेन मंदावते, क्लच घसरतो, तापतो आणि जळतो. रंगावरून किंवा कंपनीच्या नावावरूनही निवाडा होत नाही, कारण नावाजलेल्या कंपन्या दोन्ही प्रकारची यंत्रं एकाच रंगात बनवतात. हुस्कवार्ना आपल्या बऱ्याच व्यावसायिक यंत्रांच्या आकड्यापुढे ‘एक्सपी’ ही अक्षरं लावते, एवढी सोय तरी तिथे आहे. बाकी ठिकाणी आपल्यालाच पारख करावी लागते.

स्टिल कंपनीची तीन यंत्रं शेजारी ठेवली की मुद्दा उघड होतो. एमएस २७१ चं इंजिन ५०.२ सीसीचं आहे, ताकद २.६ किलोवॉट आणि वजन ५.६ किलो. एमएस २६१ चं इंजिनही ५०.२ सीसीचंच, पण सध्याच्या आवृत्तीची ताकद ३.० किलोवॉट आणि वजन ४.९ किलो. आता एमएस २९१ घ्या: आकडा मोठा, इंजिन मोठं म्हणजे ५५.५ सीसी, वजन ५.६ किलो, आणि ताकद मात्र २.८ किलोवॉट. सीसी पाहणारा माणूस २९१ उचलेल आणि कमी ताकदीचं, जास्त जड यंत्र घरी आणेल. २६१ हे व्यावसायिक यंत्र आहे. २७१ आणि २९१ शेतावरच्या मध्यम कामासाठीची, आणि त्या कामाला ती चांगलीच आहेत. उलट बाजूने एमएस २०१ टी पाहा. झाडावर चढून फांद्या उतरवणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी बनवलेलं हे यंत्र जेमतेम ३५.२ सीसीचं, तरी पुरतं व्यावसायिक. म्हणून माहितीपत्रकातला एकच हिशेब करायचा असेल तर किलोमधल्या वजनाला किलोवॉटमधल्या ताकदीने भागा. २६१ चं उत्तर १.६ च्या आसपास येतं, २७१ चं २.१ च्या पुढे जातं, आणि एमएस १७० किंवा १८० सारख्या घरगुती यंत्रांचं तिनाच्या आसपास राहतं. एका किलोवॉटमागे जितकं कमी वजन, तितका कारखान्याने धातूवर आणि घडणीवर जास्त खर्च केलेला असतो. पत्रकातलं वजन बार, चेन आणि इंधन सोडून दिलेलं असतं, हे मात्र लक्षात ठेवावं.

हा फरक येतो कुठून, याचं उत्तर आतल्या सांगाड्यात आहे. व्यावसायिक यंत्राचा हा सांगाडा, म्हणजे क्रँककेस, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आणि उभा दुभागलेला असतो. त्याचे दोन अर्धे भाग क्रँकशाफ्टची बेअरिंगं दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात, सिलिंडर वरून स्क्रूने बसतो, आणि बारचे स्टड त्याच धातूत रोवलेले असतात. घरगुती यंत्रात यंत्राचं अंग प्लॅस्टिकचं असतं आणि इंजिन हा त्यात बसवलेला वेगळा ठोकळा असतो. बेअरिंगांचा वरचा अर्धा गाळा सिलिंडरच्या ओतीवातच असतो, खालचा अर्धा एका झाकणात, आणि दोन्ही मिळून क्रँकशाफ्टला कवेत घेतात. ही रचना स्वस्त आणि सुटसुटीत आहे, त्यात खोट काही नाही. पण सील गळायला लागलं, पिस्टन चिकटला किंवा बेअरिंग बोलू लागलं, तर अख्खं इंजिन त्या प्लॅस्टिकच्या अंगातून बाहेर काढावं लागतं. व्यावसायिक यंत्रात बहुतेक वेळा क्लच उतरवला की त्या बाजूचं सील समोर येतं आणि वरून सिलिंडर काढला की पिस्टन हातात येतो. मेकॅनिकचा वेळ वाचला की मजुरी वाचते. घरगुती यंत्र दुरुस्तीला नेलं की ‘यापेक्षा नवीन घ्या’ असं उत्तर मिळतं. त्यामागे मेकॅनिकचा आळस क्वचितच असतो, हिशेबच तसा पडतो.

सांगाडा दुकानात उघडून पाहता येत नाही, पण त्याची खूण पाहता येते. चेनवरचं झाकण काढायला सांगा आणि बारचे स्टड कशात बसलेत ते बघा, धातूत की प्लॅस्टिकमध्ये. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे त्या मॉडेलच्या सुट्या भागांची आकृती मागणं. अधिकृत विक्रेत्याकडे ती असते. तिच्यात क्रँककेसचे दोन अर्धे भाग स्वतंत्र क्रमांकाने दाखवलेले असतील तर यंत्र एका जातीचं, आणि सिलिंडरखाली नुसतं झाकण दाखवलं असेल तर दुसऱ्या. आकृती मागितल्यावर विक्रेता चुळबुळ करू लागला, तर तेही एक उत्तरच आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बाजारात ५२ किंवा ५८ सीसीची शिक्का मारलेली स्वस्त यंत्रं भरपूर मिळतात. त्यांतल्या काहींचा क्रँककेस धातूचा, दुभागलेलाच असतो, मग ती व्यावसायिक म्हणायची का? नाही. सांगाड्याची धर्ती उचलता येते, पण बेअरिंगांचा दर्जा, सिलिंडरच्या आतला मुलामा, ओतकामातली अचूकता या गोष्टी आकृतीत दिसत नाहीत. शिक्क्यावरच्या सीसीवर तर हिशेब केल्याशिवाय विश्वास ठेवूच नये. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा प्रवास विचारा. व्यासाचा वर्ग, गुणिले प्रवास, गुणिले ०.७८५४. सेंटिमीटरमध्ये मोजलं की उत्तर सीसीमध्ये मिळतं. ४.४७ सेंटिमीटर व्यास आणि ३.२ सेंटिमीटर प्रवास यांतून ५०.२ येतात, म्हणजे २६१ चा आकडा खरा ठरतो. धातूचा सांगाडा ही आवश्यक अट आहे, पण तेवढ्याने भागत नाही. त्याच्या जोडीला क्रमांकानुसार मिळणारे सुटे भाग आणि ते बसवणारा जवळपासचा माणूस लागतो. भाग मिळत नसेल तर मॅग्नेशियमचा सांगाडाही अडगळीत जातो.

‘आमच्या शेजाऱ्याचं घरगुती यंत्र दहा वर्षं चाललंय’ हा दुसरा आक्षेप. तो खराही असतो. पण वर्षं मोजून काही कळत नाही, इंजिन किती तास चाललं ते मोजायला हवं. वर्षाला दहा तास चालणारं यंत्र दहा वर्षांत शंभर तास चालतं. ठेकेदाराचं यंत्र दिवसाला चार तास आणि महिन्यात पंचवीस दिवस चाललं, तर तेवढे तास एका महिन्यात भरतात. अमेरिकेत अशा हाती यंत्रांवर धुराच्या नियमांची जी पट्टी असते, तिच्यातले वर्गही तासांतच मांडलेले आहेत: ५०, १२५ आणि ३००. तेवढे तास धूर मर्यादेत राहील, इतकंच ती पट्टी सांगते, इंजिनाचं आयुष्य सांगत नाही. तरीही विचार तासांतच करायचा असतो, हे तिच्यावरून दिसतं. कोकणात हा प्रश्न वादळानंतर तीव्र होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते गोवा आणि कोकण घासत गेलं. अशा वेळी रस्त्यावर आणि घरांवर पडलेली झाडं तोडायला हाताशी असेल ते यंत्र सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालतं. त्यातून माडाचं लाकूड चेनची धार झपाट्याने खातं, आणि बोथट चेनवर जोर लावला की इंजिन आणखी तापतं. घरगुती यंत्राचे कित्येक वर्षांचे तास त्या एका आठवड्यात संपतात. एकट्या बागाईतदाराला महाग यंत्र परवडत नसेल, तर वाडीने किंवा चार बागाईतदारांनी मिळून एक व्यावसायिक यंत्र घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ते एका ठरलेल्या, शिकलेल्या माणसाच्याच हातात राहील, ही अट मात्र घालावी.

यंत्राचे पैसे एक जण देतो आणि ते हातात धरतो दुसरा, ही गोष्ट मला फार खुपते. दिवसभराच्या थरथरीने बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो, बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, आणि हे नुकसान अनेकदा भरून येत नाही. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसासाठी हाताला बसणाऱ्या थरथरीची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि २.५ च्या पुढे गेलं की मालकाने उपाय करायचे आहेत. प्रत्येक चांगल्या यंत्राच्या पुस्तिकेत दोन्ही मुठींचे असे आकडे छापलेले असतात. व्यावसायिक यंत्र म्हणजे थरथर कमी असेलच, असं गृहीत धरू नये. दोन पुस्तिका शेजारी ठेवून वाचाव्यात. पुस्तिकेत हा आकडाच नसेल, तर रोजंदारीच्या माणसाच्या हातात ते यंत्र देऊ नये.

ताकदवान यंत्र नवख्याला धोक्याचं ठरतं, हा आक्षेप मात्र मी बऱ्याच अंशी मान्य करतो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून अंगावर येतं, आणि घरगुती यंत्रासोबत सहसा येणारी कमी उसळणारी चेन व्यावसायिक यंत्रावर बऱ्याचदा नसते. म्हणून परसातली दोन-चार झाडं राखणाऱ्याने १८० च्या तोडीचं यंत्र निर्धास्तपणे घ्यावं, बार आखूड ठेवावा, आणि वाचलेल्या पैशांतून जाळीचं हेल्मेट, चेन अडवणारी पँट, चांगले बूट, एक जादा चेन आणि तिला बसणारी गोल कानस घ्यावी.