पेटंट आणि पारख : अंगावर घालावयाच्या तपासणी-उपकरणांविषयी

आपल्या रुग्णालयास यंत्रसामग्री देऊ इच्छिणारे हितचिंतक अलीकडे एक प्रश्न आवर्जून विचारतात. बाजारात अंगावर घालावयाची नवनवी वैद्यकीय उपकरणे आली आहेत. मनगटाचा पट्टा, छातीवर चिकटवावयाची पट्टी, सेन्सर शिवलेले बंडीसारखे वस्त्र असे त्यांचे प्रकार आहेत. शरीरावरील अनेक बिंदूंचे तापमान, नाडी वा विद्युत्स्पंदने ती टिपतात आणि त्यांचा जणू नकाशाच पडद्यावर काढून दाखवितात. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘पेटंटप्राप्त’ असे छापलेले असते. पेटंट मिळाले म्हणजे शासनाने तपासले, मग असे उपकरण घेण्यास हरकत कोणती, असा तो प्रश्न असतो.

प्रश्न स्वाभाविक आहे. मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांतून, टोकावडे, धसई, डोळखांब, किन्हवली या भागांतून येणाऱ्या रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टर गाठावयाचा तर कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. आरोग्यसेविकेच्या पिशवीत मावणारे आणि घरोघरी नेता येणारे उपकरण कोणाला नको आहे? परंतु दात्यांचा पैसा आणि रुग्णांचा विश्वास या दोन्हींचे आम्ही राखणदार आहोत. म्हणून पेटंटच्या परीक्षणात नेमके काय तपासले जाते, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले. त्या अभ्यासाचा सारांश येथे देत आहोत.

पेटंटला शासकीय मराठीत ‘एकस्व’ म्हणतात आणि तो शब्द बोलका आहे. संशोधकाने आपला शोध उघड करून लिहून द्यावा आणि मोबदल्यात शासनाने अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे इतरांना तो वापरण्यापासून रोखण्याचा अधिकार त्यास द्यावा, असा हा व्यवहार आहे. हा अधिकार देशापुरता असतो. अमेरिकेत मिळालेले पेटंट भारतात आपोआप लागू होत नाही, ही बाब माहितीपत्रकांत बहुधा सांगितलेली नसते.

करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचलेला ऑक्सिमीटर याचे चांगले उदाहरण आहे. बोटातून प्रकाश पाठवून नाडीच्या ठोक्यागणिक रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजण्याची कल्पना जपानमधील निहोन कोहडेन कंपनीचे अभियंते ताकुओ आओयागी यांची. त्यांच्या कंपनीने मार्च १९७४ अखेर जपानमध्ये पेटंटचा अर्ज केला. जेमतेम महिन्याभरात मिनोल्टा या कॅमेरे बनविणाऱ्या कंपनीनेही त्याच तत्त्वावरील अर्ज दाखल केला. पेटंटच्या जगात दिनांकाला किती मोल असते, हे यावरून दिसते. आओयागी एप्रिल २०२० मध्ये निवर्तले. त्यांचे उपकरण जगभर घरोघरी पोहोचण्याचा तोच काळ होता.

आता भारतातील परीक्षणाकडे वळू. पेटंट कायदा १९७० चा असून तो एप्रिल १९७२ पासून अमलात आला. कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई येथे पेटंट कार्यालये आहेत. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी मुंबईचे कार्यालय असून ते अँटॉप हिल येथे आहे. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मात्र प्रसिद्ध झालेला अर्ज म्हणजे मिळालेले पेटंट नव्हे. परीक्षणाची मागणी अर्जदाराने स्वतंत्रपणे करावयाची असते. पूर्वी त्यासाठी ४८ महिन्यांची मुदत होती. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना ती ३१ महिन्यांची आहे. त्यानंतर परीक्षक पहिला परीक्षण अहवाल पाठवितो आणि अर्जदाराने सहा महिन्यांत उत्तर द्यावयाचे असते. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीस लेखी विरोध नोंदविता येतो. रुग्णांच्या संघटनांनी औषधांच्या बाबतीत हा हक्क वापरलेला आहे.

परीक्षक अर्जातील सर्वांत काळजीपूर्वक काय वाचतो, तर ‘दावे’. अर्जाचे वर्णन कितीही लांब असले तरी अधिकार मिळतो तो शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या दाव्यांपुरताच. समजा, एखाद्याने स्त्रियांच्या छातीचे तापमान बिंदूबिंदूला मोजून गाठीचा संशय दर्शविणारे वस्त्र तयार केले. पहिला दावा तो बहुधा ऐसपैस लिहितो : अनेक उष्णतासेन्सर असलेले, शरीराचा तापमान-नकाशा काढणारे वस्त्र. परीक्षक जगभरातील जुने अर्ज, शोधनिबंध आणि पुस्तके धुंडाळतो. सेन्सर लावलेले वस्त्र एका जुन्या कागदात सापडते, तापमानाचा नकाशा दुसऱ्या कागदात. मग तो विचारतो की या दोन गोष्टी एकत्र आणणे त्या विषयातील जाणकारास सहज सुचले नसते काय? कायद्याच्या भाषेत ही ‘शोधक पायरी’ची कसोटी आहे. ओळखीच्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिली, तर कलम ३(एफ) आडवे येते. नकाशावरून निष्कर्ष काढणारी गणिती रीत तेवढीच मागितली, तर कलम ३(के) तिला वगळते, कारण गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक-आज्ञावली यांना आपल्याकडे पेटंट नाही.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे कलम ३(आय). मनुष्यावरील औषधोपचार, शस्त्रक्रिया, रोगप्रतिबंध, निदान इत्यादींची कोणतीही प्रक्रिया या कलमान्वये पेटंटयोग्य शोध मानली जात नाही. ‘निदान’ हा शब्द २००२ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्टपणे आला. निदान कशास म्हणावे, यावर मतभेद होत राहिले. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मधील एका निकालात, चाचणी शरीराबाहेर केली एवढ्यावरून ती या कलमातून सुटत नाही, असे सांगितले. उपकरणाला मात्र ही आडकाठी नाही. त्यामुळे अर्जदार आपला दावा ‘रोग ओळखण्याच्या पद्धती’कडून हळूहळू वस्तूकडे सरकवितो. सेन्सरमधील अंतर, ते त्वचेला सारख्या दाबाने टेकून राहावेत म्हणून केलेली पट्ट्यांची रचना, खोलीच्या तापमानाचा परिणाम वजा करणारे मंडल असे काहीतरी अंतिम दाव्यात उरते. म्हणजे माहितीपत्रक कर्करोग ओळखण्याची भाषा करते, तेव्हा प्रत्यक्षातील पेटंट एखाद्या पट्ट्याच्या रचनेवर असू शकते. यात लबाडीच असते असे नाही. कायद्याची घडणच तशी आहे. वाचणाऱ्याने मात्र अंतिम दावा पाहिल्याखेरीज काही गृहीत धरू नये.

आणि परीक्षक काय विचारीत नाही? गाठ असलेल्या शंभर स्त्रियांपैकी किती जणींची गाठ या वस्त्राला सापडली, हे तो विचारीत नाही. निरोगी स्त्रियांपैकी किती जणींना उगाच धास्ती बसली, हेही तो विचारीत नाही. ‘औद्योगिक उपयोग’ ही कसोटी कायद्यात आहे, परंतु वस्तू उद्योगात तयार करता वा वापरता येईल काय, इतकाच तिचा आवाका आहे. सावळ्या त्वचेवर, भातलावणी करून आलेल्या घामेजल्या अंगावर सेन्सर कसा वागतो, हा प्रश्न त्या कार्यालयाचा नव्हेच. तो प्रश्न किती खरा आहे, हे ऑक्सिमीटरनेच दाखविले. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी पाहणीत, ऑक्सिमीटरने प्राणवायू ठीक दाखविला असताना तो प्रत्यक्षात धोकादायकरीत्या कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट आढळले.

थेरानोस या अमेरिकी कंपनीचे प्रकरण तर विश्वस्तांनी अवश्य ध्यानी ठेवावे असे आहे. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ साली पेटंटचा पहिला अर्ज केला, तो अंगावर लावण्याच्या एका पट्टीसाठी. रक्तातील घटक मोजावे आणि तेथल्या तेथे औषध सोडावे, अशी ती कल्पना होती. अमेरिकेत २००७ साली तिला पेटंट मिळाले. तशी पट्टी कधी बाजारात आली नाही. पुढे कंपनी थेंबभर रक्तात अनेक तपासण्या करण्याच्या दाव्याकडे वळली, तो दावाही टिकला नाही आणि जानेवारी २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. पेटंट खरे होते. परीक्षकांनी आपले काम केले होते, कारण कागदावरील कल्पना नवी आहे काय, हेच त्यांस पाहावयाचे होते.

याचा अर्थ असे सर्व प्रयत्न फोल आहेत असा नव्हे. केंद्र शासनाची ‘सी-मेट’ ही संस्था, जिचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, तिच्या त्रिशूर येथील प्रयोगशाळेत डॉ. ए. सीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या कर्करोगाच्या प्राथमिक चाचणीसाठी उष्णतासेन्सर बसविलेले वस्त्र तयार केले. डॉ. सीमा यांना त्याबद्दल २०१८ सालचा नारी शक्ती पुरस्कार मिळाला. वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही आणि स्त्रीची लाज राखली जाते, हे त्याचे गुण ग्रामीण भागात मोलाचे आहेत. परंतु उष्णतेवरून चाचणी करण्याच्या एकूण पद्धतीबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११, २०१७ आणि २०१९ मध्ये, ही चाचणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा दिलेला आहे. आम्हांला हे दोन्ही ठाऊक असले पाहिजे.

उपकरण सुरक्षित आहे की नाही आणि सांगितलेले काम करते की नाही, हे पाहणारी व्यवस्था वेगळी आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये झाले आणि जानेवारी २०१८ पासून लागू झाले. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. अ आणि ब वर्गांतील उपकरणांना ऑक्टोबर २०२२ पासून, तर क आणि ड या अधिक जोखमीच्या वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना आवश्यक झाला. पेटंट कार्यालयाचा या परवान्याशी संबंध नाही, आणि परवाना देणाऱ्यांचा पेटंटशी नाही.

पेटंटवाचून सिद्ध झालेल्या गोष्टी पाहावयाच्या तर मुंबईबाहेर जाण्याची गरज नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतील वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनांची तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५० वर्षांवरील स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्याच संस्थेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून डोळ्यांनी पाहण्याची रीत तपासली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्या कर्करोगाच्या मृत्यूंत ३१ टक्के घट आढळली. हात, डोळे आणि बाटलीभर पातळ आम्ल यांच्या या रीती कलम ३(आय) मुळे कोणाच्या मालकीच्या होऊ शकत नाहीत. मुरबाडची सेविका त्या उद्या शिकू शकते, कोणाची परवानगी न घेता.

या अभ्यासावरून विश्वस्त मंडळापुढे आम्ही काही सूचना ठेवल्या आहेत. अंगावर घालावयाचे उपकरण देणगीदाखल स्वीकारताना आम्ही पेटंटचा क्रमांक मागू आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मंजूर झालेले दावे स्वतः वाचू. अर्ज, परीक्षण अहवाल आणि त्यास दिलेले उत्तर तेथे विनामूल्य पाहता येते, आणि अर्जदाराने स्वतः काय सोडून दिले, हे त्या उत्तरातच कळते. ‘पेटंटप्राप्त’ असे खोटे छापणे कलम १२० अन्वये दंडास पात्र आहे. उपकरणाचा परवाना, आपल्यासारख्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचे प्रसिद्ध निष्कर्ष, आणि संशयित ठरलेल्या स्त्रीची पुढील तपासणी कोठे व कोणाच्या खर्चाने होणार याचे लेखी उत्तर, ही कागदपत्रेही आम्ही मागू. शेवटची बाब आम्हांस सर्वांत जड वाटते. पडद्यावर लाल ठिपका दाखवून बाईस घरी पाठविणे आणि सोनोग्राफीसाठी तिला गाडीभाड्याचे पैसे नसणे, यापेक्षा उपकरण नसलेले बरे.

एक सूचना आमच्या तरुण डॉक्टरांसाठी आणि रुग्णालयात प्रकल्पासाठी येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीही आहे. एखादी युक्ती सुचली तर व्यक्तिगत अर्जदारास ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाचे ४,००० रुपये असते, ते आवाक्याबाहेरचे नाही. परंतु अर्ज करण्यापूर्वी शोध छापून प्रसिद्ध झाला, तर काही मोजके अपवाद वगळता त्याचे नावीन्य संपते, मग तो छापणारा स्वतः संशोधक का असेना. खरोखर गरज असल्यास वाजवी चाचणीसाठी केलेल्या जाहीर वापरास कलम ३२ एक वर्षाची सवलत देते. वार्षिक अहवाल मात्र छापील आणि जाहीर कागद आहे. यास्तव ज्या उपकरणाचा अर्ज अद्याप दाखल झालेला नाही, त्याचे छायाचित्र वा रचनेचे वर्णन यापुढे या अहवालात घेतले जाणार नाही. अर्जाचा क्रमांक मिळाल्यावर ते पुढील वर्षीच्या अंकासाठी कार्यालयात द्यावे.