उन्हाळ्यांतील खाडी आणि तिचे पक्षी

परीक्षा आटोपून सुटी लागली म्हणजे पक्षी पाहण्याचे दिवस सरले, अशी पुष्कळांची समजूत आहे. उत्तरेकडून हिंवाळ्यांत आलेले पाहुणे परत गेले, आतां कावळे-चिमण्यांखेरीज पाहावयाचें तें काय राहिलें, असें कित्येक पालकही आम्हांस विचारतात. रानांतल्या पक्ष्यांविषयींसुद्धां ही समजूत खरी नाहीं. समुद्रकांठच्या पक्ष्यांविषयीं तर ती अगदींच उलट आहे. चैत्रापासून ज्येष्ठांतल्या पहिल्या पावसापर्यंत खाडीवर जी उलाढाल चालते, तशी दुसऱ्या कोणत्याही ऋतूंत चालत नाहीं. कोणी निघण्याच्या तयारींत असतो, कोणी पावसाची वाट पाहत असतो, तर कोणी भर उन्हांत संसार मांडून बसलेला असतो. या मंडळींची ओळख विद्यार्थ्यांस व्हावी, एवढ्यासाठीं आम्हीं ठाण्याची खाडी उदाहरणादाखल घेतली आहे. ज्यांचें गांव रत्नागिरी किंवा मालवणकडे असेल, त्यांस यांतील बहुतेक गोष्टी आपल्या गांवच्या खाडीवरही पडताळून पाहतां येतील.

ठाण्याची खाडी ठाणें शहरापासून दक्षिणेस मुंबई बंदरापर्यंत सुमारें २६ किलोमीटर पसरली आहे. तिच्या पश्चिम कांठास मुलुंड, भांडुप, विक्रोळी हीं ठिकाणें, व पूर्व कांठास ऐरोली आणि वाशी. दोन्ही बाजूंस तिवरांचें दाट रान आहे. त्याच्यापुढें ओहोटीच्या वेळीं उघडा पडणारा चिखलाचा विस्तीर्ण पट्टा, आणि मागल्या बाजूस ठिकठिकाणीं मिठागरें. या खाडीचा सुमारें १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर केला. इराणांतील रामसर या गांवीं १९७१ सालीं पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं राष्ट्राराष्ट्रांमध्यें एक करार झाला होता. त्या कराराच्या यादींत २०२२ सालीं या खाडीचा समावेश झाला. आगगाडींतून जातां-येतां जो चिखल पाहून आपण नाक मुरडतों, तो अशा योग्यतेचा आहे. त्यांत किडे, शिंपले, लहान खेकडे व डोळ्यांस न दिसणारें शेवाळ यांची एवढी समृद्धि असते कीं, हजारों मैल उडणाऱ्या पक्ष्यांची शिदोरी तेथेंच बांधली जाते.

पक्षी पाहावयास जाण्यापूर्वीं घड्याळापेक्षां पंचांग पाहावें. भरती असेल तर चिखल पाण्याखालीं असतो व पक्षी दूर कोठें तरी विसावलेले असतात. ऐन ओहोटीस ते इतके आंत जातात कीं, नुसते ठिपके दिसतात. ओहोटी संपून पाणी चढूं लागलें म्हणजे तें पक्ष्यांस हळूहळू कांठाकडे लोटीत आणतें, आणि हीच पाहण्याची खरी वेळ होय. ही वेळ काढण्याची युक्ति कोकणांतील कोळ्यांस पूर्वापार ठाऊक आहे. तिथीच्या आंकड्यास तीननें गुणावें व चारनें भागावें. जें येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. द्वितीयेस दीड वाजतां भरती आली, म्हणजे त्यापूर्वीं सुमारें सव्वासहा तास, अर्थात् सकाळीं सव्वासातच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस भरती सहा वाजतां, म्हणून ओहोटी भर दुपारीं. तो दिवस मुलांनीं टाळावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्यामुळें पाणी दूरवर हटतें, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत तें थोडेंच हटतें. खाडीच्या ठाण्याकडील टोंकास भरती किंचित् उशिरां पोंचते, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें. सूर्य पाठीशीं हवा. म्हणून सकाळीं पूर्वेकडील ऐरोलीचा कांठ बरा, तिसऱ्या प्रहरीं पश्चिमेकडील.

आतां निघण्याच्या तयारींत असलेल्या मंडळींकडे वळूं. तुतारी, चिखल्या, पाणटिवळा इत्यादि चिखलांत चरणारे पक्षी हिंवाळ्यांत पाहिले तर सगळेच मातकट-करडे दिसतात, आणि नवशिका विद्यार्थी कंटाळून दुर्बीण खालीं ठेवतो. तेच पक्षी एप्रिलच्या मध्यावर पाहावे. वांकड्या चोंचीची तुतारी डोक्यापासून पोटापर्यंत विटकरी तांबडी झालेली असते. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान व छाती तशीच तांबूस होते. एकाच थव्यांत कोणी अजून करडा, कोणी अर्धा रंगलेला, कोणी पूर्ण रंगलेला, असा देखावा केवळ याच दिवसांत मिळतो. हा त्यांचा विवाहाचा पोशाख होय. विवाहस्थळ म्हणावें तर वांकड्या चोंचीच्या तुतारीचें तें सायबेरियाच्या उत्तर टोंकास आहे, जेथें जून महिन्यांत कोठें बर्फ वितळतें. चिमणीहून थोड्याशाच मोठ्या या पक्ष्यास तेथवर पोंचावयाचें असतें. म्हणून निघण्यापूर्वीं तो रात्रंदिवस ओहोटीमागून ओहोटी चरत राहतो व अंगांत चरबी सांठवितो. अशा प्रवासी पक्ष्यांपैकीं कित्येकांचें वजन या काळांत दीडपटीहूनही अधिक होतें. गंमत म्हणून कोणी खडा फेकून थवा उडवितो, तेव्हां त्या शिदोरींतील थोडा भाग फुकट खर्चीं पडतो, ही गोष्ट खडा फेकणाऱ्याच्या ध्यानींही येत नाहीं.

पावसाची वाट पाहणारे ते रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. खाडीवर ते साधारणपणें हिंवाळ्याच्या आरंभीं येतात, आणि मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या सरींबरोबर जातात. यांच्या दोन जाती येथें असतात. मोठा रोहित उभा राहिला तर दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या उंचीस येतो. त्याचें अंग बहुतेक पांढरें व चोंच फिकी गुलाबी, टोंकास काळी असते. लहान रोहित त्याहून बराच ठेंगणा, पण रंगानें अधिक गुलाबी, व त्याची चोंच गडद तांबडी असते. थव्यांत संख्या याचीच फार. २०१९ सालच्या गणनेंत मुंबईच्या आसपास दोन्ही जाती मिळून लाखाहून अधिक रोहित आढळले.

त्यांची जेवण्याची रीत विलक्षण आहे. मान खालीं घालून चोंच उलटी पाण्यांत धरावयाची, जिभेच्या हालचालीनें पंपाप्रमाणें पाणी आंत घ्यावयाचें व बाहेर सोडावयाचें. चोंचीच्या कडांस जी बारीक चाळणी असते तींत खाद्य अडकून राहतें. लहान रोहिताची चाळणी इतकी सूक्ष्म असते कीं, तो मुख्यतः शेवाळावर जगतो. मोठा रोहित कोळंबीसारखे बारीक जीव व किडेही खातो. गुलाबी रंग येतो तोही या खाद्यांतील द्रव्यांमुळेंच. पिलें जन्मतः करडीं असतात व त्यांस रंग चढावयास कांहीं वर्षें लागतात. मुंबईचें सांडपाणी खाडींत येतें, त्यावर शेवाळ पोसतें, आणि म्हणून १९९० नंतरच्या काळांत येथें रोहित वाढले, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. ही गोष्ट आपणांस भूषणावह आहे कीं नाहीं, याचा निर्णय आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

रोहित येथें अंडीं घालीत नाहींत. त्यांचें आपल्या देशांतील मुख्य सूतिकागृह कच्छचें रण होय. तेथें ते चिखलाचे छोटे ढीग रचून प्रत्येकावर एक अंडें घालतात. परंतु पाऊस पडून रणांत उथळ पाणी सांचल्यावांचून तें काम होत नाहीं. याकरितां वैशाखांत खाडी कितीही तापली तरी ते येथेंच थांबतात. या पक्ष्यांस धोका कोठून येईल याचा नेम नसतो. २०२४ सालच्या मे महिन्यांत घाटकोपरनजीक उतरत्या विमानाशीं टक्कर होऊन एका रात्रींत तीसहून अधिक रोहित मरण पावले.

खरा नवलाचा भाग याच्या पुढेंच आहे, आणि त्यासाठीं दूरच्या पाहुण्यांस सोडून घरच्या पक्ष्यांकडे पाहिलें पाहिजे. टिटवी सर्वांच्या ओळखीची आहे. लांब तांबड्या पायांचा, काठीवर चढल्यासारखा चालणारा शेकाट्याही मिठागरांतून नेहमीं दिसतो. हे दोघेही उन्हाळ्यांतच वीण करतात, तीही उघड्या जमिनीवर. मिठागराच्या बांधावर चार खडे, दोन काटक्या, व त्यांच्या मध्यें मातीच्याच रंगाचीं, काळ्या ठिपक्यांचीं चार अंडीं, टोंकें आंत वळवून ठेवलेलीं. यालाच घरटें म्हणावयाचें. आम्हीं तीन हातांवरून पाहिलें तरी डोळा दुसरीकडे गेला कीं तीं पुन्हां सांपडत नाहींत.

आपण म्हणतों, पक्षी अंडीं उबवितो. पण मे महिन्याच्या दुपारीं टिटवी अंड्यांवर बसते ती त्यांस ऊब देण्यासाठीं नव्हे, तर सांवली देण्यासाठीं. अंड्यांतील जीव वाढण्यास सुमारें ३७-३८ अंश सेल्सिअस उष्णता पुरते. चाळिशीच्या बरीच वर ती गेली तर तो मरतो. आणि अशा दुपारीं उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही पलीकडे तापतो. म्हणून आई-बाप पाळीपाळीनें उन्हांत उभे राहून आपल्या देहाची छत्री करतात. एवढ्यानें भागलें नाहीं तर टिटवी पाण्यावर जाते, पोटाचीं पिसें भिजवून घेते, आणि ओल्या अंगानें परत येऊन अंड्यांवर बसते. असें दिवसांतून कित्येक वेळां, आणि पिलें बाहेर येईपर्यंत सुमारें चार आठवडे चालतें.

आतां विचार करा: अशा बांधावरून दुपारीं मुलांचा घोळका जातो, किंवा कोणी छायाचित्रासाठीं जवळ जाऊन बसतो, किंवा भटकें कुत्रें फिरत राहतें. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. आपणांस ती भांडखोर वाटते. तितका वेळ अंडीं उन्हांत उघडीं असतात. कोणी त्यांस स्पर्शही केला नाहीं, तरी पाव तासांत चार पिलें जन्मापूर्वींच नाहींशीं होऊं शकतात, आणि पाहणारा माणूस आपण कांहींच केलें नाहीं अशा समाधानानें घरीं जातो. याकरितां पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांस खाडीवर अवश्य न्यावें, पण सकाळीं न्यावें, बांधावर न चढतां वाटेवरून पाहूं द्यावें, आणि टिटवी ओरडूं लागतांच मागें फिरावें. अंडीं घरीं आणणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे, हेंही मुलांच्या कानांवर घालावें. ओहोटीच्या चिखलांत तर पाऊलच टाकूं नये. तो कमरेइतका खोल असूं शकतो, आणि भरती कोणाची वाट पाहत नाहीं.

साधनें फारशीं लागत नाहींत. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास टिटवी, शेकाट्या, खंड्या, ब्राह्मणी घार, किनाऱ्यावरचा राखी बगळा हे नुसत्या डोळ्यांनींही ओळखतां येतात. वही मात्र हवीच. तींत तारीख, तिथि, भरतीची वेळ, जागा, पक्ष्याचें नांव व संख्या लिहावी. मोठा थवा असेल तर आधीं दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात तें पाहावें, मग त्या मापानें पुढें मोजीत जावें. डॉ. सालिम अलींचें प्रारंभींचें शिक्षण गिरगांवांतील एका मिशन शाळेंत झालें. १९४५ सालीं कच्छच्या रणांत जाऊन तेथील रोहितांच्या वसाहतींत सुमारें पांच लाख पक्षी असल्याचा अंदाज करणारे ते हेच. पण त्याच्याही आधीं, १९३० सालीं, खाडीच्या मुखापलीकडील किहीम गांवीं त्यांनीं सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर दिवसच्या दिवस बसून टिपणें केलीं. नर अर्धवट घरटें बांधतो, मादी तें तपासून पसंत करते, आणि मग तोच नर दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें बांधावयास लागतो, ही गोष्ट त्यांनीं अशी बसून शोधून काढली. तेव्हां एका ठिकाणीं बसून राहण्यास वेळ फुकट घालविणें म्हणण्याची घाई पालकांनीं करूं नये.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत खाडीचा सारा देखावा पालटतो. रोहित उत्तरेकडे निघून जातात, आणि जवळपास त्याच दिवसांत काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक आफ्रिकेंतून येऊन कांठच्या झाडांवर बोलूं लागतो. तो केवळ पावसाचे थेंब पितो हें कवींचें म्हणणें. तो आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत घालतो, ही मात्र पाहिलेली गोष्ट आहे.

शाळा उघडल्यावर, दोन सरींच्या मधल्या उघडिपींत, चिखलावर आणखी एकदां नजर टाकावी. तेथें थोडे करडे पक्षी अजूनही चरत असतात. ते आजारी नसतात, वाटही चुकलेले नसतात. मागल्या उन्हाळ्यांत उत्तरेस जन्मलेलीं तीं पिलें होत. पहिल्या वर्षीं वीण करावयाची नसल्यामुळें त्यांतील कित्येक परत न जातां येथेंच राहतात, आणि म्हणून त्यांस तांबडा पोशाखही चढत नाहीं. त्यांची संख्या मोजून ठेवावी व दर वर्षीं ताडून पाहावी. सायबेरियांत लेमिंग नांवाचे उंदरासारखे प्राणी ज्या वर्षीं पुष्कळ होतात, त्या वर्षीं तेथील कोल्हे त्यांच्यावरच भूक भागवितात, व तुतारीचीं पिलें अधिक वांचतात. तीं वांचलेलीं पिलें पुढील पावसाळ्यांत आपल्या खाडीवर दिसतात.