गावाच्या शिवारात टॉवर येणार असेल, तर हरकत कशी घ्यावी

पुण्याच्या हद्दीवरच्या गावात उसाच्या रानात वीस-बावीस मजली इमारती येणार, अशी कुणकुण लागली की लोक आधी मोर्चाची तारीख ठरवतात. मोर्चा जरूर काढा, पण हरकतीचा अर्ज दिल्यावर. सुनावणीच्या टेबलावर मोर्चाची नोंद नसते, अर्जाची असते.

पहिलं काम म्हणजे नियोजन प्राधिकरण कोण, हे शोधणं. यात भलेभले फसतात. जून 2021 च्या अखेरीस पुणे महापालिकेत 23 गावं आली, पण त्यांचं नियोजन तेव्हा शासनाने पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिलं. अशा गावातला माणूस भाबडेपणाने महापालिकेत अर्ज देऊन बसतो आणि मुदत निघून जाते.

मग प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारा. प्रारूप विकास योजना जाहीर झाली असेल, तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम 26 खाली सर्वसाधारणपणे 30 दिवसांत कुणालाही हरकत घेता येते, त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागत नाही. एखाद्याच क्षेत्राचा शेती विभाग निवासी करायचा असेल, तर त्याची वेगळी सूचना निघते. त्यातली मुदत पाहा. जमीन आधीच निवासी असेल आणि फक्त बांधकाम परवानगी बाकी असेल, तर हरकतीची अशी संधी मिळत नाही. म्हणून नकाशाच्या टप्प्यावरच जागं राहावं लागतं.

माहिती अधिकारात अर्ज टाका, पण त्यावर विसंबू नका. उत्तराची मुदतही 30 दिवसांचीच आहे. त्यापेक्षा कार्यालयात जाऊन नकाशा पाहा आणि गट नंबर उतरवून घ्या.

आता हरकतीचा मजकूर. ‘गावाचं गावपण जाईल’ हे खरं असलं तरी त्यावर अधिकारी काहीच करू शकत नाही. पाण्याचा हिशेब मांडा. माणशी रोज 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रचलित मानक. हजार फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर रोज 5 लाख 40 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 54 टँकर. एवढं पाणी कुठल्या योजनेतून येणार आणि सांडपाणी कुठल्या ओढ्यात जाणार, हे लेखी विचारा. हा मुद्दा पोकळ नाही. 2016 मध्ये पाण्याअभावी बाणेर-बालेवाडीतल्या नव्या बांधकाम परवानग्या मुंबई उच्च न्यायालयाने थांबवल्या होत्या.

त्यानंतर रस्ता. टाउनशिपला किमान 40 हेक्टर जागा आणि 18 मीटर रुंदीचा पोचरस्ता लागतो. नकाशावरचा रस्ता जागेवर किती रुंद आहे ते टेप लावून मोजा, फोटो काढा. नदीकाठ असेल तर जलसंपदा विभागाची निळी पूररेषा त्याच गटांवर उतरवून दाखवा.

ग्रामसभेचा ठराव जोडा. तो प्राधिकरणावर बंधनकारक नाही, तरी उपयोगी पडतो. इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी: गावातल्याच अनेकांना झोन बदलायला हवा असतो, कारण भाव वाढतो. त्यांना बिल्डरचे दलाल म्हणून हिणवू नका. पोरीच्या लग्नासाठी, कर्जासाठी जमीन विकणारा माणूस तुमचा शत्रू नाही. ‘बांधकामच नको’ऐवजी ‘पाणी आणि रस्ता येईपर्यंत एवढी दाटी नको’ अशी मागणी ठेवली, तर त्यातले काहीजण सहीही करतात.

छापील मजकुराच्या हजार प्रती वाटू नका. एकसारख्या हरकती एकत्र बांधून एकाच शेऱ्यात निकाली निघतात. वेगवेगळ्या मुद्द्यांच्या वीस हरकती बऱ्या. अर्ज दोन प्रतींत द्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. सुनावणीला बोलावलं की जा. न गेलात तर तुमचा मुद्दा मांडायला तिथे कुणी नसतं.

वीस हजार चौरस मीटरवरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण गृहप्रकल्पांना त्यातल्या जनसुनावणीतून सूट आहे. कागदपत्रं ‘परिवेश’ पोर्टलवर पाहता येतात. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करावं लागतं. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

पीएमआरडीएच्या 2021 च्या प्रारूप आराखड्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या आणि 2025 मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. नवा प्रारूप आराखडा आला की मुदत नव्याने सुरू होईल. जुनी हरकत आपोआप धरली जाईल या भरवशावर राहू नका. पुन्हा अर्ज द्या, पुन्हा पोच घ्या.